दारातली काचमाळ
डाख लावण्याचा, वितळत्या कथलाचा वास आला की लातूरच्या घरातली ती दुपार आठवते. भूकंपात माहेर गमावलेल्या पत्नीने त्या पडलेल्या घराच्या खिडकीच्या रंगीत काचा तारेत गुंफून, डाख लावून दारात किणकिणती माळ टांगली होती. मी घरीच शिकवणी घेत असे. "पोरांचं ध्यान जातंय, काढ ते," मी म्हणालो. "ऱ्हाऊ द्या की. भुई हालली तर हेच आधी सांगंल," ती म्हणाली. मीच माळ उतरवली. त्यानंतर ती स्वयंपाक करताना पाण्याने भरलेला पेला समोर ठेवून पाणी हलते का ते पाहत राही. आता ती नाही. माळ मी पुन्हा टांगली आहे. ती वाजली की मी भरून ठेवलेल्या पेल्याकडे पाहतो; पाणी स्थिर आहे, हे जिला सांगावे ती घरात नसते.