मी जेवले

दादाने बाबांच्या हातातून फोन घेतला आणि सेटिंग्ज उघडली. “दोन मिनिटांचं काम आहे, बाबा. परत असं होणार नाही.”

काल दुपारी, बोरिवलीच्या घरी, जेवता जेवता. निमित्त, फॅमिली ग्रुपवरचा बाबांचा मेसेज... ‘बँकेत आले. रांगेत उभी आहे.’

घाटकोपरची आत्या, बाबांची मोठी बहीण, आल्यापासून तेच धरून बसली होती. “काय रे सुधीर, साडी कुठली नेसला होतास?” आम्ही हसलो. बाबाही हसले.

फोन आईचा आहे. ती उन्हाळ्यात गेली. पुढे बाबांचा फोन बिघडला, तेव्हा त्यांनी आपलं सिमकार्ड तिच्या फोनमध्ये घातलं.

कीबोर्डला सवय तिची. बाबा ‘आलो’ लिहितात, तो ‘आले’ करतो. ‘उभा’चं ‘उभी’ करतो... आम्हाला वाटायचं, बाबा चष्मा न लावता टाइप करतात. चुका बारीक होत्या, आम्ही सोडून द्यायचो.

स्क्रीनवर प्रश्न आला. शिकलेले शब्द पुसायचे का?

“पुसू नको,” बाबा म्हणाले.

“बाबा, लोक हसतात ना.”

“हसू देत. मला दिसतं रे ते. पहिल्या दिवशी दोनदा खोडून बघितलं. तिचंच येत होतं... मग म्हटलं, येऊ दे.”

दादाने फोन परत दिला. बाबांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि आत्याला विचारलं, भात वाढू का. आत्याने ताट पुढे केलं.

संध्याकाळी मुलुंडला घरी येऊन मी ग्रुप मागे मागे वाचत गेले. ‘औषध घेतलं. आता झोपते.’ ‘दूध आणायला विसरले.’ ‘मी जेवले. एकटीच होते.’

प्रत्येकाखाली माझा अंगठा होता. नुसता अंगठा... बरं झालं, कधी दुरुस्त करायला गेले नाही.

आज सकाळी ग्रुपवर बाबांचा मेसेज होता. ‘उठले. चहा घेते.’

खाली आत्याने लिहिलं होतं, ‘घे गं.’