गजादादाचं सेकंडहॅंड पिस्तूल

भाईंदरला परवान्याच्या हत्यारांच्या दुकानात काउंटरवर माझ्यासारखी बाई बसते म्हटल्यावर किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकंच आणून देतात! पूर्वी मी घरी सांगून हसायचे. आता खरंच नको वाटतं.

पेणकरपाड्याचे एक काका आले. जुनं पिस्तूल हवं होतं. मी समजावलं, "हे डबल ॲक्शन आहे. पहिल्या गोळीला ट्रिगर जड, लांब ओढावा लागतो. पुढच्या गोळ्यांना हलका." काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं. आता साहेबांना बोलवा!"

दुसऱ्या एकाने दोन तास खाल्ले. बॅरल बघ, स्प्रिंग बघ, मॅगझिन बघ. घेऊन गेला आणि पंधरा दिवसांत निवडणूक लागली. हत्यार पोलीस ठाण्यात जमा! मला फोन, "मॅडम, मी ज्याला घाबरतो त्यालापण आचारसंहिता लागते का हो?" काय सांगणार, कपाळ माझं!

मग मोरव्याचा गजादादा. भातशेतीच्या जागेवरून सख्ख्या धाकट्या भावाशी, बाळूशी, कोर्टात केस चालू, तरी दोघं एकाच अंगणात राहतात. "बाळू मना मारील एक दिवस," म्हणाला. मी म्हटलं, "दादा, मग वेगळं राहा ना! हे कशाला?"

"लायसन्स मिळालंय. आता घेतलं न्हाय तर मुदत संपेल."

अरे देवा! परवाना फुकट जाऊ नये म्हणून?

तीनदा आला, तीनदा तसाच गेला. रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर अर्धाच ओढून खाली ठेवायचा. "जड हाय," म्हणायचा. मला बरंच वाटायचं.

चौथ्यांदा सोबत एकाला घेऊन आला. "पंखा, फ्रिज, गाडी, घरातलं सगलं हाच बघून घेतो. मना यातलं काय कलत न्हाय."

नाव विचारलं, तर तो बाळू होता!

बाळूने एकेक पिस्तूल उजेडात धरलं, स्लाइड मागे ओढून पाहिली. "हे नको, घासलंय. हे घे दादा, याचा ट्रिगर नरम हाय." दादाचं बोट धरून त्यानेच शिकवलं, "हळू. घाई करू नको."

मी बिल करायला घेतलं. बाळूने सहज विचारलं, "पन दादा, तुला भीती कुनाची हाय?"

गजादादाने बिलाचे पैसे मोजायला घेतले.

"चाय पितोस?" म्हणाला.