मैदानावरचे दिवे

अनसिंगच्या मैदानावर मुलींची कबड्डी रंगली असताना वीज क्षणभर गेली आणि लगेच आली. पण खांबावरचे मोठे मेटल हॅलाइड दिवे पेटेनात. पंच सामना रद्द करायला निघाले. संघातली माझी लेक रडायलाच लागली. खांबाखाली उकिडवा बसलेला वायरमन शांतपणे तंबाखू मळत होता.

"सर, दहा मिनटं थांबा," तो पंचांना म्हणाला. मग लेकीकडे वळला. "काहून रडून राह्यली, बाई? दिव्यातल्या पाऱ्याची तापून वाफ झाली, तिच्या दाबानं ठिणगी पडत नाही. थंडा होऊ दे त्याले, मंग पेटते."

पंच थांबले. थोड्या वेळानं वर निळसर उजेड दिसला आणि हळूहळू लख्ख पांढरा झाला. लेकीनं पहिल्याच चढाईत दोघींना बाद केलं. लोक टाळ्या वाजवत होते. वायरमन मात्र दिव्यांकडेच बघून हसत होता.