मला बघायला सरकार आलं

आई गेली, वडिलांचा पत्ता नाही, म्हणून नऊ वर्षांची मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, मावशीच्या खोलीत राहायला आले. मावशी कारखान्यातून आणलेल्या जीन्सचे धागे कापायची. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांना सरकार मदत देतं, असं कळल्यावर तिने अर्ज केला. मग निरोप आला, की ऑफिसातल्या एक बाई मुलगी बघायला येतील. मुलीचे हाल दिसले तर तिला बालगृहात हलवतील. मावशीची झोपच उडाली.

मुलगी बघायला येणं आमच्या चाळीला एकाच प्रकारचं ठाऊक. कांदेपोहे झाले, शेजारच्या सिंधी आंटीने फुलाफुलांचे कप दिले, माझ्या वीतभर वेणीत गजरा खोचला गेला. "मान खाली. विचारल्याशिवाय बोलायचं नाही," मावशीने बजावलं. मला तर मजाच वाटत होती. आरशासमोर मी लाजायचा सरावसुद्धा केला.

बाई आल्या. मी पोह्यांची बशी पुढे केली आणि ठरल्याप्रमाणे लाजले. बाई गोंधळल्या. बोलणी फिसकटतायत असं वाटून आंटी पुढे सरसावली.

"मॅडम, लडकी को सब आता है! झाडू, बर्तन, रोटी, सब!"

"हो ना, सगळं घर एकटी सांभाळते," मावशीने री ओढली.

बाईंचा चेहरा बदलला. "एवढ्याशा पोरीला राबवता तुम्ही?"

मावशी पांढरीफटक पडली. कौतुक करता करता तिने मला बालगृहाच्या दारात नेऊन उभं केलं होतं.

"चहा कर बघू," बाई मला म्हणाल्या.

मावशीने मला स्टोजवळ कधी फिरकूही दिलं नव्हतं. मी ऐटीत काडी ओढली आणि थेट रॉकेलच्या टाकीलाच लावायला निघाले. मावशी किंचाळत धावली, काडी विझवली, मला मागे खेचलं. "भवाने, जळशील ना!"

"मग घरात तू करतेस तरी काय?" बाईंनी विचारलं.

"खाते. आणि हिच्याशी भांडते."

बाईंना हसू आवरेना. "राहू द्या हिला इथेच. मदत मिळेल असं बघते," म्हणाल्या आणि पोह्यांची बशी जवळ ओढली.

त्या गेल्यावर मावशीने आधी मला धपाटा घातला. "चारचौघांत अब्रू घालवलीस!" मग एकदम कवटाळलं. जीव घुसमटायला लागला, तरी सोडेचना. मीही सोडवून घेतलं नाही.