दीड इंच टाच

नोवा लीपा गावात पुरुषाला बुटांशिवाय पाहणारी माणसं तीनच: आई, बायको आणि अखेरचे कपडे चढवणारा. अल्बिन क्रालच्या बाबतीत गेल्या मार्चपासून त्यात हाडांच्या एका डॉक्टरची भर पडली होती. पवनचक्कीच्या शिडीवरून अल्बिन घसरला, डावा घोटा मोडला, आणि डॉक्टरने स्क्रू घालून तो असा जोडला की पाऊल जेमतेम किलकिलं व्हायचं, जुन्या दारासारखं.

पडायचं तर उजव्या पायावर पडावं, एवढंही भान त्याला राहिलं नाही. कारण त्याची पेडल स्टील गिटार डाव्या पायावर चालायची. चार पायांवर टेबलासारखं उभं वाद्य. वर दहा तारा, खाली पेडलं. तारांवरून पोलादी कांडी सरकवायची आणि डाव्या पायाने पेडल दाबून तार ताणायची, म्हणजे सूर पायरी न चढता वर तरंगत जातो. एकेचाळीस वर्षं दर रविवारी दुपारी गावच्या नाचघरात अल्बिन हे तरंगवण्याचं काम करत होता. आठवड्याचे उरलेले दिवस तो शेतांवरचे पंप दुरुस्त करी. पण ते कुणी विचारलं तरच सांगायचा.

वाद्यवृंदाचा म्होरक्या मिल्टन, अकॉर्डियनवाला, सोमवारी येऊन ओट्यावर बसला. बराच वेळ तो पावसाबद्दल बोलला. पाऊस नव्हताच.

"रविवारी जमेल ना रे?" अखेर त्याने विचारलं. "नाही, पलीकडच्या गावातला एक जण विचारत होता. केस लांब आहेत, पण वाजवतो बरा."

"केसांनी वाजवतो का?" अल्बिन म्हणाला.

"तसं नाही रे. पण ह्या रविवारी काय ते दिसू दे. खुर्ची रिकामी ठेवून लोक नाचत नाहीत."

मिल्टन गेल्यावर अल्बिन वाद्यापाशी बसला. टाच जमिनीला टेकवली, आणि पाऊल पेडलांपर्यंत उचललंच जाईना. एकेचाळीस वर्षांत ज्यांची उंची त्याने केसभरही हलवली नव्हती, ती पेडलं आता वरच्या मजल्यावर राहायला गेली होती.

मग तीन दिवस तो वाद्याखाली उताणा पडून होता. पेडलाची सळई वरच्या आकड्यातून काढायची, दोन आटे फिरवायची, पुन्हा अडकवायची. सळई लांबली की पेडल खाली येतं. फार खाली आणलं तर ते जमिनीला आधी टेकतं आणि सूर अर्ध्या वाटेत थकतो. उठायचं, वाजवून बघायचं, पुन्हा आडवं व्हायचं. खिडकीतून ज्वारीच्या शेताचा वास यायचा, पंख्याची सावली छतावर फिरायची, आणि खालून तारा पाण्याखालून दिसाव्यात तशा दिसायच्या. गुरुवारी दुपारी पाऊल ठेवलं तिथे पेडल होतं. बस्स, एवढंच. त्याने दोन पेडलं दाबली, सूर उठला आणि परसदारी वाळत घातलेल्या चादरीसारखा फुगत गेला. स्वयंपाकघरात बायकोचं, व्लास्टाचं, कणीक मळणं थांबलं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढी दाद पुरेशी असते.

रविवारी नाचघराच्या लाकडी झडपा उघड्या होत्या. कुणीतरी जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरून ठेवलं होतं, पावलं सरकावीत म्हणून. अल्बिन इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून मंचावर चढला. डावा बूट चढवायला घरी वीस मिनिटं आणि आजोबांच्या चेक भाषेतले काही शेलके शब्द लागले होते. तो बसला, पाय ठेवला, पहिला सूर छेडला.

वाद्य किंचाळलं.

त्याने पेडल दाबलंच नव्हतं. पुन्हा छेडलं, तेच. तारा आपोआप चढलेल्या. दोन जोडपी नाचता नाचता थबकली. मिल्टनने अकॉर्डियन जोरात ओढून ते झाकलं आणि वरच्या दिव्याकडे पाहिलं. सभ्य माणसं दुसऱ्याच्या फजितीच्या वेळी दिव्याकडेच पाहतात.

अल्बिनने खाली पाहिलं. बुटाची दीड इंचाची टाच मागून उचललेली, चवडा पुढे झुकलेला, आणि सगळा पाय पेडलांवर रेललेला. तीन दिवस त्याने जी उंची जुळवली ती घरातल्या लोकरीच्या सपातांना. पेडलं वर गेलीच नव्हती. टाच खाली आली होती. सोमवारी नुसते बूट चढवून बसला असता, तर कदाचित एक आटाही फिरवावा लागला नसता. आता मात्र आडवं होऊन सळया फिरवायला वेळ नव्हता, आणि मिल्टन गाणं संपवत आणत होता.

व्लास्टा मंचापाशी येऊन उभी राहिली. हातात कोलाचींचा, खसखस भरलेल्या गोड पावांचा डबा, डब्याखाली कागदी पिशवी. पिशवीत सपाता.

"तुला माहीत होतं?" अल्बिन पुटपुटला.

"गुरुवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस? चाळीस वर्षं तुझ्या वाद्याबद्दल मला कुणी काही विचारलंय?"

"लोकांसमोर बूट काढू मी?"

"तू नाही रे म्हाताऱ्या, मी काढणार. तुझ्या एकट्याच्याने निघतोय का तो?"

तिने पाठ वळवली, त्याचा पाय दोन्ही गुडघ्यांत धरला आणि ओढला. बूट निघाला तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. मोजा घोट्यापाशी रफू केलेला होता. मागून कुणी तरी ओरडलं, "अंथरूण पण घालू का, अल्बिन?"

"उशी आण!" अल्बिन ओरडला. चेहरा बिटासारखा झाला होता.

मिल्टनने वॉल्ट्झ धरला, संथ गिरक्यांचा नाच. करड्या सपातेतलं पाऊल पेडलांवर आलं, आणि अल्बिनला पहिल्यांदाच पेडलाची कड कळली; जाड चामड्यातून ती कधी लागलीच नव्हती. त्याने इतकं हळू दाबलं की सूर नेमका कधी चढला ते त्यालाही सांगता आलं नसतं. झडपांतून आलेल्या उन्हात मक्याचं पीठ उडत होतं, जोडपी त्यात घोट्यापर्यंत बुडाली होती, आणि सूर त्यांना हलकेच उचलून पुन्हा खाली ठेवत होता.

वॉल्ट्झ संपल्यावर मिल्टन वाकून कानात म्हणाला, "त्या केसवाल्याला नको म्हणून कळवतो."

मग त्याने जरा वेळ सपातेकडे पाहिलं.

"काळ्या रंगात मिळतात का रे ह्या?"