आठव्या ट्रॅकवरचा आवाज

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठते, इतकाच माझा आणि या विषयाचा संबंध. व्यवसायाने इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे. आवाज आला तर तो कुठून तरी आलेला असतो आणि शोधला की सापडतो, याच समजुतीवर आजवर काम केलं. म्हणूनच हे लिहिताना जरा अवघड होतंय... पण लिहिते.

आम्ही संभाजीनगरला सिडकोत राहतो. चिकलठाण्याला नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी घराच्या वरच्या खोलीत जुनी टेप मशीन दुरुस्त करायचा नाद. हे कळल्यावर नदीमभाई माझ्याकडं आले. रोशन गेटला राहतात, बिडकीनकडच्या एका कारखान्यात कामाला. त्यांच्या वडिलांचा कॅसेटच्या जमान्यात छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. कव्वाल्या, लोकगीतं, लग्नाची गाणी. वडील जाऊन खूप वर्षं झाली. मागं राहिलं एक आठ ट्रॅकचं अवजड मशीन आणि एकच रुंद टेप.

"दीदी, अब्बांचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही," ते म्हणाले. "गाणं सुरू व्हायच्या आधी ते 'चलो भाई' म्हणायचे, तेवढं तरी यात असेल. अम्मीला एकदा ऐकवायचंय."

आठ ट्रॅक म्हणजे एकाच टेपवर शेजारी शेजारी आठ पट्ट्या. एकीवर ढोलक, एकीवर हार्मोनियम, एकीवर गायक... प्रत्येक पट्टी वेगळी ऐकता येते.

मशीन बनवणारी परदेशी कंपनी कधीच बंद पडलेली. सर्व्हिस मॅन्युअल कुठंच मिळेना. एका परदेशी हौशी माणसानं दुसऱ्याच मॉडेलची काही पानं स्कॅन करून पाठवली, ती अर्धीच जुळली. बाकीचं सर्किट मी बोर्ड उलटे करून, एकेक वाट शोधत कागदावर उतरवलं. त्यात महिने गेले. टेप पुसली जाऊ नये म्हणून रेकॉर्डिंगची सगळी सर्किट कार्डं पहिल्याच दिवशी काढून कपाटात ठेवली होती. म्हणजे हे मशीन फक्त वाजवू शकत होतं, त्यात नवीन काही भरणं शक्यच नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण मीही स्वतःला हेच पुन्हा पुन्हा सांगते.

एका रविवारी दुपारी नदीमभाई अम्मींना घेऊन आले. सत्तरीच्या पुढच्या, गुडघ्यांनी थकलेल्या. माहेर कन्नड तालुक्यातल्या खेड्यातलं, त्यामुळं माझ्याशी मराठीतच बोलत होत्या.

"लई उंच जिना गं बेटा तुझा," एवढं म्हणून खुर्चीत टेकल्या.

टेप लावली. आधी खरखर, मग एका पुरुषाचा मोकळा आवाज – "हां, चलो भाई... एक, दो..."

अम्मींनी पदर तोंडाला लावला. डोळे मिटले. मी तेवढा तुकडा पुन्हा लावला, मग आणखी एकदा. नदीमभाई खिडकीकडं तोंड करून उभे होते.

नंतर मी एकेक ट्रॅक वेगळा ऐकवत गेले. टेपच्या डब्यावर सात ट्रॅकपुढं वाद्यांची, गायकांची नावं होती, आठव्यापुढं काहीच नाही. रिकामा असणार, पण तपासायला म्हणून तोही उघडला. बराच वेळ नुसती सळसळ. मी बंद करणार इतक्यात...

"नदीम... आया क्या बेटा? कडी लगी है अंदर से. मेरे से उठा नहीं जाता..."

म्हातारा, दमलेला आवाज. मध्येच श्वास लागत होता.

नदीमभाई हसले. "अम्मी, तुमच्यासारखीच बोलते ही बाई."

अम्मी हसल्या नाहीत. "मीच हाय ती," त्या म्हणाल्या. "पण हे मी कधी बोलले?"

"तुम्ही तेव्हा पंचविशीत होतात, अम्मी. मी तर पाळण्यात असेन."

"व्हय... पण मीच हाय."

आवाज चालूच होता. अम्मींनी माझा हात धरला. "बंद कर बेटा. पुढचं नको ऐकूस." मी बंद केलं. जिना उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, थंडगार.

ते गेल्यावर मी टेप वाचणारे हेड साफ केले, वायरिंग तपासलं, कपाट उघडून कार्डं आहेत का तेही पाहिलं. होती. गाणाऱ्यांपैकी कुणाची तरी आई असेल, नदीम हे नाव काही विरळ नाही... अशी मनाची समजूत घातली. अम्मी नको म्हणाल्या होत्या, म्हणून पुढचं ऐकलं नाही.

दोनेक महिन्यांनी अम्मी गेल्या.

घरी एकट्याच होत्या. नदीमभाई पहिल्या पाळीला, त्यांची बायको सोयगावला माहेरी. दुपारी अम्मी न्हाणीघरात पडल्या. आतून कडी. शेजारच्या बाईंना उशिरा आवाज ऐकू आला, माणसं गोळा होऊन दार तोडेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या बाईंनीच नंतर नदीमभाईंना सांगितलं – "तुलाच हाका मारत होत्या रे. कडी लागलीय, उठता येत नाही म्हणत होत्या."

चाळिसावा दिवस झाल्यावर नदीमभाई माझ्या दारात आले. दाढी वाढलेली. बसलेही नाहीत.

"दीदी, ती टेप लावा. पुढची."

मी नको म्हणून पाहिलं. "मला लावता येत नाही, नाहीतर मीच लावली असती," एवढंच ते म्हणाले.

लावली. तीच हाक, तेच शब्द. मग बराच वेळ फक्त श्वास. आणि लांबून एक घरघर... थांबली, पुन्हा घरघर. मला वाटलं पॉवर सप्लायमध्ये बिघाड झालाय, मी मशीनच्या मागं हात घातला.

"राहू द्या," नदीमभाई म्हणाले. "फोन आहे तो. अम्मी मोबाईल लोखंडी पेटीवर ठेवायची. व्हायब्रेट झाला की असाच वाजतो." मग म्हणाले, "त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावत होतो. उचलला नाही. वाटलं, झोपली असेल."

घरघर पुन्हा सुरू झाली. तिच्यावर अम्मींचा आवाज, आता अगदी बारीक –

"रुक बेटा... फोन उठाती मैं."

त्यानंतर टेप संपेपर्यंत सळसळ.

मोबाईल नव्हते तेव्हाची टेप ती. सलग, कुठंही जोड नाही. मी नंतर भिंगातून इंच न् इंच पाहिली.

नदीमभाईंना ती जाळायची होती. पण शेजारच्याच पट्टीवर त्यांचे अब्बा होते. शेवटी म्हणाले, "फक्त आठवा पुसा." मी कपाटातली कार्डं काढली, बसवली, आधी टाकाऊ टेपवर करून पाहिलं, आणि मग आठवा ट्रॅक पुसला. ते तोवर जिन्यात जाऊन बसले होते.

त्यामुळं दाखवायला माझ्याकडं काहीच उरलेलं नाही. कुणी क्लिप मागितली तर देऊ शकत नाही. पुण्याला ध्वनिमुद्रणात काम करणाऱ्या मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विषय बदलला. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

नदीमभाई अजून अधूनमधून येतात. अब्बांचं "चलो भाई" दोन-तीनदा ऐकतात, चहा घेतात. मशीन सुरू करायच्या आधी दर वेळी विचारतात, "आठवा बंद आहे ना?"

मी हो म्हणते. पुसल्यावर तो रिकामा झालाय का, हे मात्र मी अजून ऐकून पाहिलेलं नाही.