नारळाच्या पाण्याचा आळ

खालापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीवरच्या शाळेला एका कंपनीने जुना लॅपटॉप दान दिला. बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं, दारात नारळ फोडला. कंपनीचे साहेब फोटो काढून गेले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मुलांसमोर बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली, की सुरू करण्यासारखं आत काही सापडत नाही. दहा वेळा तेच. साहेबांना फोन केला.

"नारळाचं पाणी गेलं असेल आत. तुमच्या लोकांना वस्तू सांभाळता येत नाहीत."

माझं डोकंच फिरलं. नारळ उंबऱ्यावर फुटला होता आणि लॅपटॉप होता आत टेबलावर!

"जाऊ द्या बाई, धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत," मुख्याध्यापक म्हणाले. मी ऐकते कसली! लॅपटॉप पिशवीत घातला आणि शिळफाट्याचं दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुकानदाराने स्क्रू काढले. आत पाण्याचा थेंब नव्हता. हार्ड डिस्कही नव्हती.

"बाई, देन्याआधीच काढून घेतलीय. पानं फाडून वहीचा पुठ्ठा दिलाय तुमाला."

स्वतःची माहिती जपायला डिस्क काढली, तेही एक वेळ समजू शकते. पण मग तसं सांगायला काय झालं होतं? वर दोष आमच्या बायकांच्या नारळाला!

आठवड्याने साहेबांचाच फोन आला. "आभाराचं पत्र राहिलंय. त्याच लॅपटॉपवर टाइप करून पाठवा, अहवालात लावायचंय."

मी कोऱ्या कागदावर शाळेचा शिक्का मारला आणि पाठवून दिला. त्या लॅपटॉपवर जेवढं टाइप झालं, तेवढं सगळं त्यात होतं.